बोलून ठेवावी अशी एक गोष्ट



भोर-वेल्ह्याच्या माणसाला लावणी शिकवायच्या भानगडीत मी पडणार नाही. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगाला त्यात भात पेरायचे, तरवा वाढला की उपटून मुठी बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात लावायच्या. यातली एक गोष्ट मात्र आज ध्यानात घ्या. उपटलेला तरवा बांधावर पडून राहिला की वाळतो. मग बियाणे कितीही चांगले असो, उपयोग नाही. एका जागचा जीव दुसऱ्या जागी रुजवायचा तर वेळ साधावी लागते, आणि खाचर आधीच तयार असावे लागते.

माणसाच्या शरीराचीही अशी लावणी होते. एकाचे मूत्रपिंड, यकृत, हृदय किंवा डोळ्याचे बुबुळ दुसऱ्याच्या शरीरात बसवतात. डॉक्टर त्याला अवयव प्रत्यारोपण म्हणतात. विषय काढला की घरातली वडील माणसे म्हणतात, “दिवेलागणीला असले काही बोलू नये.” म्हणून आज दिवसाउजेडी बोलू.

समजा, गुंजवणीच्या खोऱ्यातल्या एखाद्या वाडीवर चाळिशीचा कर्ता माणूस आहे. रक्तदाब किंवा मधुमेह वर्षानुवर्षे अंगात मुरला, कुणी मनावर घेतले नाही. पायावर सूज आली, अन्नावरची वासना उडाली आणि तपासणीत कळले की दोन्ही मूत्रपिंडे, म्हणजे आपण किडनी म्हणतो ती, निकामी झाली. मग डायलिसिस सुरू होते. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून बसायचे. यंत्र रक्त गाळून परत देते. पुण्याला जायचे म्हटले तर पहाटे उठून नसरापूरवरून चेलाडी फाटा गाठायचा, पुण्याकडची गाडी धरायची आणि दिवस मावळताना परतायचे. सोबतीला एक माणूस लागतो, म्हणजे दोघांचे दिवस मोडले. हळूहळू दावणीची म्हैस विकली जाते, खाचर वाटेकऱ्याकडे जाते, थोरल्या पोरीची शाळा सुटते. आजार एकाला असतो, पण त्या यंत्राला सगळे घर जोडलेले असते.

अशा घरात एक मूत्रपिंड मिळाले तर आठवड्याच्या त्या फेऱ्या थांबतात. माणूस पुन्हा बांधावर उभा राहतो. खर्चाची धास्ती मोठी असते, पण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण या दोन्हींचा समावेश आहे. कोणत्या रुग्णालयात, किती मदत, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. तिथे विचारल्याशिवाय घरची जमीन गहाण टाकू नये.

आता पहिला प्रश्न. द्यायचे कुणी? निरोगी माणसाला एका मूत्रपिंडावर जगता येते. जगातले पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेत बोस्टन शहरात डॉ. जोसेफ मरे यांनी केले. रिचर्ड आणि रोनाल्ड हेरिक हे जुळे भाऊ, शेतावर वाढलेले. रोनाल्डने रिचर्डला आपले मूत्रपिंड दिले. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षे जगला. देणारा रोनाल्ड २०१० साली, ७९ व्या वर्षी गेला. म्हणजे एका मूत्रपिंडावर तो ५६ वर्षे जगला. “दिल्यावर शेतातले काम होईल का?” असे विचारणाऱ्याला हे सांगावे. अर्थात दात्याची आधी कसून तपासणी होते, काही आठवडे जड काम बंद ठेवावे लागते आणि पुढे दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते.

घेणाऱ्याचे काम मात्र तिथे संपत नाही. आंब्याचे कलम एकदा सांधले की झाड त्याला आपलेच मानते. माणसाचे शरीर परका अवयव कधी पुरता विसरत नाही आणि संधी मिळाली की त्याच्यावर उठते. म्हणून शरीराचा तो विरोध दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर, वेळच्या वेळी घ्याव्या लागतात. “आता बरे वाटते” म्हणून गोळ्या सोडल्या तर मिळालेले दान मातीमोल होऊ शकते. घरच्यांनी हे कायम ध्यानात ठेवावे.

कायद्याने जवळच्या नातेवाइकाला अवयव देता येतो. आई-वडील, मुले, भाऊ-बहीण, नवरा-बायको हे आधीपासून त्यात होते. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडेही आली. नवरा-बायकोचा रक्तगट जुळत नसेल तर तशाच अडचणीत असलेल्या दुसऱ्या जोडप्याशी अदलाबदल करता येते. यांची बायको त्यांना देते, त्यांची बायको यांना. विकणे आणि विकत घेणे मात्र गुन्हा आहे. त्याला ५ ते १० वर्षे कैद आणि २० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. कर्जात बुडालेल्या माणसाला कुणी दलाल गाठू लागला तर त्याला उंबरठ्याच्या आत घेऊ नका.

पण बायांनो आणि त्यांच्या कारभाऱ्यांनो, एक आकडा ऐका. २०२३ साली आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत ९,७८४ स्त्रिया होत्या आणि ५,६५१ पुरुष. आई देते, बायको देते, बहीण देते. तिची माया खरी आहे, यात शंका नाही. पण कितीदा असे होते की सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळतात आणि ती म्हणते, “मी देते.” तिला मनापासून विचारले कुणी? कायद्याचे नियमसुद्धा सांगतात की देणारी स्त्री असेल तर अधिक काळजी घ्यावी आणि तिची संमती घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून तरी पडताळून पाहावी. घरातही तेच करावे. तिला एकटीला, शांतपणे विचारावे. तिने नाही म्हटले तर तो शब्द मानावा आणि नंतर त्यावरून तिला टोमणे मारू नयेत.

मनापासून दिलेले दान काय करते, त्याचे एक उदाहरण आपल्या पुण्यातलेच आहे. मे २०१७ मध्ये गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातले पहिले गर्भाशय प्रत्यारोपण केले. पहिली लेक सोलापूरकडची होती. दुसऱ्याच दिवशी गुजरातमधल्या एका लेकीवर तशीच शस्त्रक्रिया झाली. दोघींनाही गर्भाशय दिले ते त्यांच्या आईनेच. १८ ऑक्टोबर २०१८ रोजी त्या दुसऱ्या लेकीला मुलगी झाली. ज्या कुशीत आई वाढली, त्याच कुशीत तिची लेक वाढली. मूल नाही म्हणून बाईला काय काय ऐकून घ्यावे लागते, ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

हे झाले जिवंतपणीचे देणे. आता दुसरे, जे बोलायला जड जाते.

पुणे-सातारा रस्त्यावर काय घडते ते आपण पाहतो. दुचाकीवरून निघालेला तरणा पोरगा, डोक्यावर हेल्मेट नाही, आणि डोक्याला मार. (आधी हेल्मेट घाला रे बाबांनो. मग बाकीचे बोलू.) कधी कधी अशा माणसाचा मेंदू कायमचा मरतो, पण श्वासाच्या यंत्रावर हृदय काही काळ चालू राहते. छाती हलते, अंग गरम असते. घरच्यांना वाटते, झोपला आहे, उठेल. बेशुद्धी वेगळी, तिच्यातून माणूस कधी कधी उठतो. मेंदू मेला की परतीची वाट नाही. १९९४ च्या कायद्याने हा मृत्यूच मानला आहे. चार डॉक्टर त्याची खात्री करतात आणि किमान सहा तासांच्या अंतराने पुन्हा सगळी तपासणी होते. अवयव बसवणारे डॉक्टर त्या चौघांत नसतात.

जुलै २०२२ मध्ये पुण्याच्या लष्कराच्या कमांड हॉस्पिटलमध्ये अशीच एक तरुणी आणली होती. मेंदू मृत झाल्यावर घरच्यांनी संमती दिली. तिची मूत्रपिंडे सेवेत असलेल्या दोन जवानांना बसवली, यकृत रुबी हॉल क्लिनिकमधल्या एका रोग्याला मिळाले आणि डोळे नेत्रपेढीत ठेवले. हे काम रात्रीतून झाले, कारण इथेही तरव्याचीच गत आहे. शरीराबाहेर हृदय साधारण चार तास टिकते, यकृत बारा तासांच्या आसपास, मूत्रपिंड दिवसभराच्या आसपास. त्यासाठीच रस्ते मोकळे करून गाड्या सोडतात.

आणि इथेच घराची परीक्षा होते. रुग्णालयातला समन्वयक येऊन हळूच विचारतो. आई भिंतीला टेकून बसलेली असते. बाप म्हणतो थोरल्याला विचारा, थोरला म्हणतो मामांना येऊ द्या. ज्याच्याविषयी विचारायचे, तो तर सांगू शकत नाही. त्याने हयातीत अर्ज भरला असला तरी आपल्याकडे घरच्यांची संमती घेतातच. मग कुणीतरी घाबरून नाही म्हणतो आणि नंतर वर्षानुवर्षे मनात राहते की त्याला काय हवे होते? याला उपाय एकच. तो धडधाकट असताना त्याच्या तोंडून ऐकून ठेवावे. खाचर आधी तयार ठेवावे, असे सुरुवातीला म्हटले ते यासाठी.

रुग्णालयात यंत्रावर मृत्यू येणे थोड्यांच्या वाट्याला येते. पण घरी, आपल्या अंथरुणावर गेलेल्या म्हाताऱ्या माणसालाही डोळे देता येतात. वय आड येत नाही. चष्मा असो, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असो, मधुमेह किंवा रक्तदाब असो, चालते. रेबीज, एड्स, कावीळ ब किंवा क असे संसर्ग असतील तर घेत नाहीत. वेळ सहा तासांची, आणि आपल्या वाटा डोंगरातल्या. म्हणून रडण्याआधी कुणा एकाने फोन करायचा. ससून रुग्णालयाच्या नेत्रपेढीचा किंवा तुम्हाला जवळ पडेल त्या नेत्रपेढीचा नंबर आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. फोन झाला की पापण्या मिटाव्यात, वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, डोक्याखाली उशी द्यावी आणि पंखा बंद करावा. काम पंधरा-वीस मिनिटांचे असते. चेहरा विद्रूप होत नाही आणि मातीला उशीर होत नाही.

हे डोळे जातात कुणाला? पुष्कळदा आपल्यासारख्यांनाच. कापणी-झोडणीत कुसळ डोळ्यात जाते, भाताचे पाते लागते, जखमेत बुरशी शिरते. गावात कुणी पाल्याचा रस पिळतो, कुणी दुकानातून मिळतील ते थेंब घालतो आणि बुबुळावर कायमचे फूल पडते. असे बुबुळ बदलता येते, आणि एका माणसाच्या दोन डोळ्यांनी दोघांना दिसू लागते. शेजारच्या श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्व्हा यांनी १९६१ मध्ये नेत्रदानाची संस्था काढली आणि त्या छोट्या बेटाने हजारो डोळे परदेशी पाठवले. इतके आपल्याला का जमू नये?

काही आजी म्हणतात, “डोळे दिले तर पुढल्या जन्मी आंधळी होईन.” आजी, दधीची ऋषींनी देवांच्या वज्रासाठी हाडे दिली. ते पुढल्या जन्मी बिनहाडाचे झाले असे कुठल्या पुराणात ऐकलेत का? अवयव दिल्यावर शरीर टाके घालून, नीट करून घरच्यांच्या हवाली करतात. अंघोळ, तुळशीपत्र, खांदा, सगळे रीतीप्रमाणे होते. अवयव काढण्याचा खर्चही दात्याच्या घरच्यांवर पडत नाही. अपघात असेल तर पोलीस आणि शवविच्छेदनाची तजवीज रुग्णालयच जुळवून घेते.

तेव्हा वाचकहो, या आठवड्यात एवढे करा. रात्रीची जेवणे झाली की ओसरीवर सगळे बसा. पाळीपाळीने प्रत्येकाने सांगावे, “माझ्याविषयी वेळ आली तर हे करा, हे करू नका.” सुनेलाही विचारा, ती नुसतीच भांडी घासत बसायला नको. कुणी नाही म्हटले तर तेही ऐकून ठेवा, तोही त्याचा हक्क आहे. अर्ज भरायचा असेल, काही विचारायचे असेल तर राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेचा १८००-११-४७७० हा फोन फुकट लागतो.

थोडा वेळ सगळे गप्प होतील. होऊ द्या. नंतर कुणीतरी दुसरा विषय काढेल, आणि तुमच्या घरचे काम झालेले असेल.