ओकारीमागचे दुखणे

मागच्या पावसाळ्यात इंदापूर तालुक्यातल्या एक बाई बारामतीला आमच्या कचेरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. जयभीम झाला, चहा झाला, तरी बाई बोलेनात. शेवटी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "भाऊ, पोरगी रोज ओकती. गावात कुजबूज सुरू झालीय. तुम्हीच काय ते बघा."

मुलगी बारामतीत खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी करणारी. वय एकोणीस. बिनलग्नाची मुलगी ओकते म्हटल्यावर लोकांच्या मनात काय येते ते आम्ही लिहायला नको. आईच्याही मनात तेच आले आणि मुलीला मार बसला. चुलतीने देवऋषी गाठला, त्याने लिंबू-नारळासोबत अकराशे रुपये घेतले. (आपल्या घरांत अजून देवऋषी चालतो, हे लिहितानाही मान खाली जाते.) एका डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, त्या तीन महिने चालल्या. आम्हालाही काही उमगले नाही. ओळखले ते दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. दाढ दुखते म्हणून मुलगी गेली, तर पुढच्या दातांची आतली बाजू झिजलेली दिसली. त्यांनी आईला बाहेर बसवून विचारले, "जेवल्यावर बोटे घालून ओकतेस का?" तेव्हा मुलगी पहिल्यांदा रडली.

या आजाराला बुलिमिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बैलाएवढी भूक. लंडनचे डॉ. जेराल्ड रसेल यांनी 1979 साली त्याचे स्वतंत्र आजार म्हणून वर्णन केले. आम्ही कारकून माणसे, डॉक्टर नव्हे. पण विचारून, वाचून जे समजले ते असे.

वजन वाढेल या भीतीने मुलगी दिवसभर उपाशी राहते. त्यावर मैदानावर पळते. रात्री शरीर आपला हिशेब मागते. मग डब्यातल्या सगळ्या चपात्या, बिस्किटांचे पुडे, हाताला येईल ते अर्ध्या तासात संपते. थांबायचे म्हटले तरी थांबता येत नाही. पोट फुगते, स्वतःची किळस येते, म्हणून ओकून टाकायचे. कोणी जुलाबाच्या गोळ्या घेतात. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून पुन्हा उपास, आणि त्या उपासातूनच रात्रीची ती भूक. आठवड्यातून एकदा तरी, असे तीन महिने चालले तर डॉक्टर हा आजार धरतात. यात वजन बहुधा नेहमीसारखेच राहते, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. मुलांनाही हा आजार होतो.

आमचे एक कार्यकर्ते मित्र म्हणाले, "हे भरल्या पोटाचे चोचले." ब्रिटनच्या राजघराण्यातील डायना यांनी 1995 साली बीबीसीच्या मुलाखतीत हा आजार आपल्याला होता हे सांगितले, त्यामुळे तो राण्यांचा वाटत असेल. परंतु ज्या घरात आजीने 1972 च्या दुष्काळात खडी फोडून भाकरी मिळवली, त्या घरातली मुलगी अन्न ओकते तेव्हा तिला दुप्पट लाज वाटते. मुलगी आम्हाला म्हणाली, "आईच्या मजुरीचं अन्न मी मोरीत टाकत होते. सांगू कुणाला?"

लाजेपायी लपवणेच जिवावर बेतते. सारखे ओकल्याने रक्तातले पोटॅशियम उतरते आणि हृदयाचे ठोके चुकतात. जेवण होताच मोरीत जाऊन नळ सोडणे, गाल कानाखाली सुजणे, बोटांच्या सांध्यांवर दातांचे घट्टे पडणे, डब्यातले खाणे गुपचूप संपणे, या खुणा आयांनी ध्यानात ठेवाव्यात. मुलगी चक्कर येऊन पडली किंवा छातीत धडधडू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ओकल्यावर लगेच दात घासू नयेत, साध्या पाण्याने चूळ भरावी.

उपचार आहे आणि त्याने गुण येतो. मुख्य उपचार बोलण्याचा: समुपदेशकाकडे साधारण वीस बैठका. पहिले काम म्हणजे ठरल्या वेळी खाणे, तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीनदा थोडेसे; तीन-चार तासांहून जास्त पोट रिकामे ठेवायचे नाही. काय खाल्ले, तेव्हा मनात काय होते, हे वहीत लिहायचे. जोडीला फ्लुऑक्सेटीन नावाची गोळी देतात, ती मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावी. घरच्यांनी एवढे करावे की जेवणानंतर तासभर तिच्याजवळ बसावे आणि "जाड झालीस", "वाळलीस" हे दोन्ही शब्द बंद करावेत.

बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्याला ससून आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी दवाखान्यात हा उपचार मिळणे हा आपला हक्क आहे. केसपेपर काढताना संकोच करू नये. जाणे जमत नसेल तर 2022 साली सुरू झालेल्या टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

मुलीचे उपचार आठ महिने चालले. मध्ये लेखी परीक्षेच्या आठवड्यात दोनदा पुन्हा ओकारी झाली, तेव्हा आई घाबरून आमच्याकडे आल्या. डॉक्टर म्हणाले, असे होते, दुसऱ्या दिवशीचा नाश्ता मात्र चुकवू नका. आता आई दर रविवारी एसटीने बारामतीला येतात आणि लेकीबरोबर जेवून संध्याकाळच्या गाडीने परत जातात.