आर्किटेक्चर शिकलात? पुण्याची गाडी पकडण्याआधी तिरोड्याची राख बघा

या आठवड्याच्या व्हिडिओत जो प्रश्न घेतला, तो गोंदिया जिल्ह्यातून दोन प्रकारे येतो. एक, "सर, बी.आर्क. झालंय, पुण्यात ड्राफ्टिंगची नोकरी मिळतेय, नाहीतर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवता येईल. काय करू?" दुसरा, "सर, आयटीआयमधून ड्राफ्ट्समन सिव्हिल केलंय, डिग्री नाही. या लाइनमध्ये मला काही आहे का?" व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे मोकळेपणाने लिहितो.

आधी दुसऱ्याचं उत्तर, कारण ते कायद्यात आहे. आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट १९७२ प्रमाणे 'आर्किटेक्ट' हे नाव लावायचं तर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं की कायदा या नावाला संरक्षण देतो. नोंदणी नसलेल्याला डिझाइनचं काम करायला तो कायदा बंदी करत नाही. म्हणजे बोर्डावर 'आर्किटेक्ट' लिहू नका, 'घर नियोजन व बांधकाम सल्ला' लिहा. नगर परिषदेच्या परवानगीसाठी सही परवानाधारकाचीच लागेल, तेव्हा त्याच्याशी आधीच बोलून ठेवा. उसन्या सहीवर धंदा करू नका, एक दिवस तो बुडतोच.

आता मुख्य मुद्दा. महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसून पुण्याला जाणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. दोन वर्षं मोठ्या ऑफिसात काढली तर हात तयार होतो. पण पाच वर्षांची डिग्री, घरच्यांनी भरलेली फी, आणि शेवटी दुसऱ्याच्या टॉवरचे टॉयलेट डिटेल काढत बसायचं, ते खोलीभाडं आणि डबा यातच पगार संपवून? हा हिशोब कुणीतरी कागदावर मांडायला हवा.

दुसऱ्या बाजूला आपला जिल्हा बघा. तिरोड्यात अदानीचा ३,३०० मेगावॅटचा कोळशावरचा वीज प्रकल्प आहे. कोळसा जळला की राख निघणारच. केंद्राच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने अशा प्रकल्पांवर सगळी राख वापरात आणण्याची जबाबदारी टाकली आहे. शिवाय प्रकल्पापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामात, भाव पर्यायी मालापेक्षा जास्त नसेल तर, राखेच्या विटा-ब्लॉक वापरावेत असा नियम आहे. ३०० किलोमीटर म्हणजे नागपूर आलं, रायपूरही आलं. म्हणून "सर, राखेच्या विटेचा कारखाना टाकू का?" हा प्रश्न लगेच येतो. टाका, पण तिथे गर्दी होते आणि भावावर मारामारी चालते. मला जास्त फायदा दिसतो तो वीट विकण्यापेक्षा ती कशी लावायची हे विकण्यात.

उदाहरण घ्या. लॉरी बेकर यांनी केरळात रॅट-ट्रॅप बाँड लोकप्रिय केला. यात वीट आडवी न ठेवता धारेवर उभी लावतात, म्हणजे भिंतीच्या पोटात पोकळी राहते. विटा साधारण २५ टक्के कमी लागतात, सिमेंट-वाळूही वाचते, आणि पोकळीतल्या हवेमुळे ऊन आत कमी येतं. समजा, एका घराला २०,००० विटा लागतात आणि भाव ६ रुपये आहे. ५,००० विटा वाचल्या म्हणजे ३०,००० रुपये वाचले. त्यातले दहा-बारा हजार फी म्हणून मागायला तोंड आहे की नाही तुम्हाला? 'ग्रीन', 'सस्टेनेबल' हे शब्द आमगावच्या माणसासमोर वापरूच नका. त्याला वाचलेले पैसे आणि मे महिन्यात दुपारी झोप लागेल अशी खोली, एवढंच दाखवा.

आता अडचण. हा बाँड सारख्या मापाच्या विटेत नीट बसतो, आणि राखेची वीट साच्यातली असल्याने तिथे ती उपयोगी पडते. पण मिस्त्रीने हात फिरवलेला नसेल तर तो म्हणणार, "असं नाही होत साहेब." मालक तुमचं नाही, मिस्त्रीचं ऐकणार. तुमचं ड्रॉइंग तिथेच मेलं. वायरिंगचे पाइप कुठून जाणार हे आधी ठरवलं नसेल तर भिंत फोडावी लागते, आणि मग नाव तुमचंच खराब.

म्हणून मी म्हणतो की शिकवणं हा नोकरी न मिळाल्यावरचा पर्याय नाही, या धंद्याचा तो अर्धा भाग आहे. कॉलेजात तासावर शिकवाल तर सुट्टीत उत्पन्न शून्य. पण तालुक्यातल्या दहा मिस्त्र्यांना शिकवाल तर ते दहा जण तुमचे काम आणणारे होतात. घरकुल योजनेत, म्हणजे प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये, मिस्त्र्यांसाठी ४५ दिवसांचं प्रशिक्षण असतं, तेही प्रत्यक्ष घर बांधताना. ते चालवणाऱ्या संस्थांना बांधकाम कळणारा आणि मिस्त्रीशी त्याच्या भाषेत बोलणारा माणूस लागतो. पंचायत समितीत आणि कौशल्य विकासच्या जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा, फोनवर नाही. पीएम विश्वकर्मा योजनेत राजमिस्त्री, सुतार, कुंभार आणि टोपल्या-चटया विणणारे आहेत. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. तुमच्या मिस्त्र्याची नोंदणी करून द्या, तो तुम्हाला विसरणार नाही.

स्वतः शिकायचं तर लांब जायला नको. वर्ध्यात एमगिरी आहे, देवेंद्रकुमार यांनी उभं केलेलं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. मेळघाटात लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी आदिवासी कारागिरांना बांबूचं काम शिकवत संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू वनकायद्यात 'झाड' राहिला नाही, त्यामुळे शेतातल्या बांबूची कटाई आणि वाहतूक सोपी झाली. मात्र बांबूवर प्रक्रिया केल्याशिवाय तो घरात लावू नका. भुंगा लागला की गावभर बोंब होते.

तांदळाच्या तुसाबद्दलही खूप जण विचारतात. १०० किलो धानामागे साधारण २० किलो तूस निघतं, आणि त्याच्या राखेत सिलिका भरपूर असते, हे खरं. पण सिमेंटमध्ये मिसळायला ती ठराविक तापमानात जळलेली लागते. मिलच्या भट्टीतली राख रोज वेगळी. प्रयोगशाळेची चाचणी केल्याशिवाय त्यात पैसा घालू नका.

भांडवलाचं थोडक्यात. सल्ल्याच्या कामाला लॅपटॉप, लेझर टेप आणि दुचाकी पुरते. विटांचं युनिट टाकायचंच असेल तर पीएमईजीपीत उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि ग्रामीण भागात २५ ते ३५ टक्के अनुदान आहे. पण आधी सल्ल्याचं काम सुरू करा, गिऱ्हाईक दिसू द्या.

सुरुवात अशी करा. बाजारातून दोन साधे थर्मामीटर आणा. शेजारीशेजारी सारख्याच स्लॅबची दोन घरं शोधा, एका स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात मारा, दुसरी तशीच ठेवा. एप्रिलपासून रोज दुपारी ३ वाजता दोन्ही खोल्यांचं तापमान वहीत लिहा आणि फोटो काढा. ती वही घेऊन पहिल्या गिऱ्हाइकाकडे जा.