विचारणारे यंत्र, ऐकणारा कोण?

कर्करोगग्रस्त मुलांनी आपली दुखणी मोबाइलवर नोंदवावीत आणि ती डॉक्टरांनी आपल्या जागी बसून पाहावीत, ही कल्पना आता नवलाईची राहिलेली नाही. टोरोंटोच्या 'हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रेन' या रुग्णालयात 'पेन स्क्वॉड' नावाचे साधन तयार झाले. वेदनांची नोंद ठेवणारा मुलगा तेथे पोलीस पथकातील शिलेदार ठरतो. नोंदी नियमित केल्या की बढती! तेथल्याच 'एसएसपेडी' या प्रश्नावलीत मळमळ, थकवा, तोंडातील फोड, उदासी अशी 15 लक्षणे आहेत.

या खटाटोपाची गरज काय, असे विचारणाऱ्याने कधी वर्गावर शिकविलेले नसावे. चौदा वर्षांच्या मुलास 'काय होते आहे?' असे विचारावे आणि त्याने 'काही नाही' म्हणावे, हा सनातन नियम आहे. त्यातून ज्याच्या उपचारापायी आईबापांनी गाव सोडले, तो मुलगा त्यांच्यादेखत दुखणे गिळूनच टाकतो. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटल्या असता अंगावर काढलेला साधा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो, हे त्या बिचाऱ्यास कोठून ठाऊक असणार?

अमेरिकेतील 20 रुग्णालयांत झालेल्या आणि 2024 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुलांनी आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे लक्षणे नोंदविली. त्यांचा त्रास कमी झाला. परंतु तातडीच्या विभागात जाण्याचे प्रमाण मात्र वाढले. काहींस हा दोष वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. दुखणे कळले की धावाधाव होणारच. प्रश्न आहे तो धावावयाचे कोठे, हा. परळच्या टाटा रुग्णालयात बिहार-बंगालपासून मुले येतात. दोन उपचारांच्या मध्यंतरी गावी परतलेल्या मुलाने रात्री अकरा वाजता 'ताप' या शब्दावर बोट ठेवले, तर दुसऱ्या टोकास जागी असलेली, पगारी, जाणती परिचारिका हवी आणि जवळच्या जिल्हा रुग्णालयात प्रतिजैविक हवे. ते नसेल तर हे यंत्र म्हणजे कोणी न उघडणारी टपालपेटी होय. सरकारला आणि दात्यांना यंत्रे आवडतात, कारण त्यांच्यापुढे नारळ फोडता येतो. परिचारिकेच्या पदापुढे तो फोडता येत नाही. म्हणून आमची मागणी आहे की, आधी पदे मंजूर करावीत, यंत्रे मागाहून घ्यावीत.

आणखी एक गोष्ट. 2023 च्या विदासंरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. ते योग्यच. पण सतराव्या वर्षी एखाद्या मुलीने 'मला भीती वाटते' असे नोंदविले, तर ते वडिलांनी वाचावे काय? रुग्णालयाने हे आरंभीच तिच्याशी बोलून ठरवावे. नाहीतर ती यंत्रासही 'काही नाही' असेच सांगेल.

राहता राहिली भाषा. कळ, ठणका, आग आणि ठसठस ही आपल्याकडे चार निराळी दुखणी आहेत. इंग्रजी 'पेन'च्या जागी सरसकट 'वेदना' लिहून बिल सादर करणाऱ्या ठेकेदाराकडे हे भाषांतर जाता कामा नये. ते वॉर्डात वावरणाऱ्या परिचारिकांकडून, आणि मुलांना विचारून, करवून घ्यावे.