वानगी एक, माल दुसरा

धान्याच्या पेठेत वानगी पाहिल्याशिवाय सौदा ठरत नाही. हातावर घेतलेले दाणे आणि पोत्यातले दाणे निराळे निघाले, तर माल परत येतोच, शिवाय दुकानाची पतही जाते. व्हिडिओ गेमच्या बाजारात हा साधा दंडक अद्याप पुरता रुजलेला नाही. खेळ प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधी तरुण ग्राहक त्याची पूर्ण किंमत मोजून मोकळे होतात, आणि वानगी म्हणून त्यांच्यापुढे असते ती केवळ जाहिरातीची चित्रफीत.

‘सायबरपंक २०७७’ या खेळाची हकिकत व्यापारी घरांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. तो करणारी पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट ही पेढी मुळात आपल्यासारखीच व्यापारी. १९९४ साली दोघा शाळासोबत्यांनी ती परदेशी खेळांच्या सीडी आणून विकण्यासाठी सुरू केली. पुढे ती स्वतःच खेळ घडवू लागली आणि २०१५ च्या ‘द विचर ३’ने तिची पत जगभर वाढली. त्या पतीवरच नव्या खेळाची मागणी उभी राहिली. प्रकाशनाची तारीख तीनदा पुढे ढकलली गेली, तरी १० डिसेंबर २०२० पूर्वी ८० लाख प्रतींची आगाऊ नोंदणी झाली होती. खेळाच्या निर्मितीचा आणि जाहिरातीचा सगळा खर्च या नोंदणीतूनच भरून निघाला, असे कंपनीने स्वतः जाहीर केले.

ताळेबंद वाचता येणाऱ्यास येथे एक गोष्ट खटकावी. माल पोहोचवण्यापूर्वी ग्राहकाकडून घेतलेली रक्कम ही कमाई नव्हे, ते देणे आहे. ती देण्याच्या बाजूलाच लिहिली जाते.

माल हाती आला तेव्हा काय दिसले? नव्या, शक्तिशाली संगणकावर खेळ बऱ्यापैकी चालत होता. परंतु २०१३ पासून घरोघरी असलेल्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या यंत्रांवर तो अडखळत होता, चित्रे धूसर दिसत होती आणि खेळ मध्येच बंद पडत होता. दोष कोणत्याही मालात निघू शकतो. तेवढ्यावरून कोणास बोल लावू नये. परीक्षकांना आधी देण्यात आल्या त्या प्रती मात्र केवळ संगणकावरच्या होत्या आणि जुन्या यंत्रांवरचा खेळ विक्रीपूर्वी त्यांच्या हाती पडलाच नाही. वानगी चांगल्या पोत्यातली आणि माल दुसऱ्याच पोत्यातला, याला कोणतीही पेठ चूक म्हणत नाही. तिला यासाठी अधिक कडक शब्द ठाऊक आहे.

आठवडा उलटताच, १८ डिसेंबरला, सोनीने हा खेळ आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. एवढ्या मोठ्या खेळाच्या बाबतीत असे क्वचितच घडते. सोनीच्या नेहमीच्या नियमाप्रमाणे खेळ यंत्रात उतरवून घेतला की परताव्याचा हक्क सहसा संपतो. ‘स्टीम’ या संगणकावरील दुकानाचा नियम त्या मानाने उदार आहे: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांहून कमी असल्यास रक्कम परत मिळते, आणि प्रकाशनापूर्वी आगाऊ नोंदणी केव्हाही रद्द करता येते. घरातील मुलाने कार्ड मागितले, तर ते देण्यापूर्वी त्याच्याकडून हा नियम वाचून घ्यावा. बहुतेक मुलांनी तो वाचलेला नसतो.

कंपनीच्या संस्थापकांपैकी एकाने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर क्षमा मागितली. भागधारकांनी अमेरिकेत दावा लावला, तो १८.५ लाख डॉलर देऊन मिटवण्यात आला. तरीही २०२० या एका वर्षात १ कोटी ३७ लाख प्रती खपल्याच, हेही नोंदवले पाहिजे. नाव मोठे असले की ग्राहक पुष्कळ पोटात घालतो.

पेढीने पुढे दुरुस्तीचे काम मात्र नेटाने केले. सोनीच्या दुकानात खेळ जून २०२१ मध्ये परतला. सप्टेंबर २०२३ मध्ये मोठी सुधारणा आणि ‘फँटम लिबर्टी’ हा नवा भाग आला, तेव्हा खेळाडूंनी त्यांची मनापासून वाखाणणी केली. ती सुधारणा आणि तो भाग संगणकासाठी व नव्या यंत्रांसाठी होते. प्लेस्टेशन ४ वर आगाऊ पैसे मोजून सर्वाधिक सोसलेल्या ग्राहकाच्या यंत्रावर त्यांपैकी काहीच पोहोचले नाही.