रिपोर्ट चौघांचा, चोरी एकाची

इंजिनिअरिंगला 'जीटी' हा शब्द आम्ही पहिल्याच वर्षी शिकलो. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काचेखाली दिवा, काचेवर मित्राची ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपला कोरा कागद. सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलभर हेच चालायचं. सीनियरचं जर्नल उतरवून काढणं ही चोरी आहे, असं कुणाला वाटतही नसे. मीही केलंय, खोटं कशाला सांगू!

हीच सवय घेऊन आपली मुलं इंग्लंडला येतात. माझ्या एमएस्सीच्या पहिल्या टर्मला चौघांचा मिळून एक रिपोर्ट होता. आदल्या रात्री सगळ्यांचे भाग जोडताना एका मित्राच्या भागात भाषा एकदम बदललेली दिसली. एक वाक्य गूगलवर टाकलं, तर अख्खी पानं जशीच्या तशी सापडली. मित्र आपल्याकडचाच. शिक्षणासाठी कर्ज काढलेलं, शिवाय पार्टटाइम नोकरी. म्हणाला, "अगं, कोण एवढं बघतंय? सांभाळून घे ना." मी घेतलं. रात्रभर जागून त्याचा भाग मीच लिहिला.

दुसऱ्या टर्मला पुन्हा तेच झालं आणि या वेळी मी तपासलंच नाही. टर्निटिनमध्ये साम्य दिसलं आणि चौघांनाही चौकशीला बोलावणं आलं. ऑनलाइन फाइलमध्ये कोणी, काय, कधी लिहिलं याची नोंद होती, म्हणून आम्ही तिघं सुटलो. त्याला शून्य मिळालं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. पहिल्याच वेळी मी गप्प बसले नसते, तर कदाचित त्याचं वर्ष वाचलं असतं.

आपल्याकडे यूजीसीने 2018 मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम केले. त्यात 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यामुळे 'टक्का खाली आणला की झालं' असा समज पसरला. पण टक्का हा निकाल नव्हे. स्रोत देऊन घेतलेल्या उताऱ्यांनीही तो वाढतो आणि शब्द फिरवून चोरलेली कल्पना त्यात दिसतही नाही. इंग्लंडमध्ये 2022 च्या कायद्याने पैसे घेऊन असाइनमेंट लिहून देणं हा गुन्हाच ठरवला आहे. पण गटातल्या मित्राला कसं अडवायचं, हे कायदा शिकवत नाही.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना सांगते. सगळ्यांनी एकाच ऑनलाइन फाइलमध्ये लिहा. मुदतीच्या आठवडाभर आधी एकमेकांचे भाग वाचा. शंका आली तर आधी त्या मित्राशीच बोला, त्याला स्रोत कसा द्यायचा ते दाखवा, पण त्याचं काम स्वतः करू नका. तरी ऐकलं नाही, तर सबमिशनच्या आधी प्राध्यापकांना ईमेल करा. आपल्याच माणसाची तक्रार करणं जिवावर येतं, कबूल. पण रिपोर्टवर नाव आपलंही असतं.