भट्टीच्या अंगणात
जर्मनीतल्या डुइसबर्गचा मायडरिश लोखंड कारखाना 1985 साली बंद पडला. मागे राहिली गंजकी यंत्रं, दूषित माती आणि वस्त्यांच्या मधोमध आडवा पसरलेला, परक्याला मज्जाव असलेला मुलूख. सगळं पाडून सपाट करणं सोपं होतं. पण पेटर लाट्झ या भूदृश्यरचनाकाराने बहुतेक सगळं जागच्या जागी ठेवलं. मालगाड्यांच्या उंच बांधांवरून पायवाटा काढल्या, सांडपाणी जमिनीखालच्या नळात घालून वरच्या पाटात पावसाचं पाणी सोडलं. ओतशाळेतल्या 49 जाडजूड लोखंडी लाद्या उचलून भट्ट्यांपाशी चौक मांडला. त्या उन्हापावसात झिजतात, गंजतात, आणि बेतच तसा आहे. खनिजाच्या कोठारांवर गिर्यारोहक चढतात, गॅसच्या टाकीत पाणबुडे बुड्या मारतात. (रात्रीची रंगीत रोषणाई मात्र फोटोतही भडकच वाटते.) कारखान्याचं असं उद्यान झालं, आणि तिथे फिरायला तिकीट नाही. आपल्या मुंबईच्या गिरणगावातही 1991च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीतून मोकळ्या जागांसाठी वाटा राखला होता. 2001 साली तो हिशेब फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला. लोकांच्या वाट्याला तुकडे आले आणि टॉवरभोवती नव्या भिंती उभ्या राहिल्या.