तंबोऱ्याच्या कसोटीवर हायब्रिड इअरफोन

हायब्रिड इअरफोनमध्ये दोन वेगळ्या जातींचे ड्रायव्हर एकाच कवचात बसवलेले असतात. खालच्या स्वरांचे काम डायनॅमिक ड्रायव्हरकडे असते, वरच्या स्वरांचे बॅलन्स्ड आर्मेचरकडे. दोघांची घडण वेगळी, वजन वेगळे, आवाज काढून थांबण्याचा वेगही वेगळा. तरी कानात शिरताना दोघांचा मिळून एकच आवाज व्हायला हवा. तो तसा होतो की नाही, हा या इअरफोनबाबतचा पहिला प्रश्न. खोक्यावर छापलेली ड्रायव्हरची संख्या त्याचे उत्तर देत नाही. मिरजेचा तंबोरा देतो.

डायनॅमिक ड्रायव्हर म्हणजे लाउडस्पीकरचीच छोटी आवृत्ती. पातळ पडद्याला बारीक तारेची कॉइल चिकटवलेली असते, ती चुंबकाच्या फटीत हलते आणि पडदा तिच्याबरोबर पुढेमागे होतो. इअरफोनमधला हा पडदा साधारण आठ-दहा मिलिमीटर व्यासाचा असतो. तो बरीच हवा ढकलतो, त्यामुळे डग्ग्याचा घुमारा त्यातून भरीव येतो.

बॅलन्स्ड आर्मेचर श्रवणयंत्रांच्या जगातून आले. दोन चुंबकांच्या मधोमध तोल साधून उभी असलेली धातूची पत्ती, तिच्याभोवती कॉइल, आणि पत्तीला सुईसारख्या बारीक काडीने जोडलेला इवलासा पडदा, एवढाच त्याचा पसारा. हलणारा भाग हलका असल्यामुळे तो झटकन उठतो आणि झटकन थांबतो. १९९१ साली अमेरिकेतल्या एटिमोटिक कंपनीने असा एकच ड्रायव्हर घालून ईआर-४ हा इअरफोन बाजारात आणला. १९९५ मध्ये जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन या बँडच्या ड्रमवादकासाठी रंगमंचावर वापरायचे इअरफोन बनवले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. एकेजीच्या २०११ सालच्या के-३००३ मध्ये एक डायनॅमिक आणि दोन आर्मेचर एकत्र आले. तो तेव्हा फार महागडा इअरफोन होता. पुढच्या काही वर्षांत चिनी कंपन्यांनी हीच मांडणी दोन-तीन हजार रुपयांत आणून ठेवली. आज साताऱ्या-सांगलीतला विद्यार्थीही ऑनलाइन मागवून ती घेऊ शकतो. ही चांगलीच गोष्ट झाली, पण स्वस्ताईबरोबर एक खोड आली. ड्रायव्हर वाढवणे सोपे असते, ते एकमेकांत मिसळणे अवघड.

मिसळण्याचे काम क्रॉसओव्हर करतो. कपॅसिटर आणि रेझिस्टर यांच्या साहाय्याने तो विजेच्या संकेताची वाटणी करतो: अमुक कंपनसंख्येच्या खालचे इकडे, वरचे तिकडे. ही वाटणी तलवारीच्या घावासारखी होत नाही. सीमेच्या आसपास बराच मोठा पट्टा असा असतो की तिथे दोन्ही ड्रायव्हर एकाच वेळी बोलतात. त्यांच्या लहरी एकमेकींशी जुळल्या तर आवाज सलग राहतो. एकीचा चढ आणि दुसरीचा उतार समोरासमोर आले तर दोघी एकमेकींना खातात आणि त्या पट्ट्यात खड्डा पडतो. याखेरीज आर्मेचरच्या तोंडाशी बसवलेली नळी किती लांब, तिच्यातली जाळी किती घट्ट, यावरही वरच्या स्वरांची धार ठरते. अनेक स्वस्त इअरफोनमध्ये डायनॅमिक ड्रायव्हरला वाटणी लागूच नसते. तो खालपासून वरपर्यंत सगळे वाजवतो आणि आर्मेचर एका कपॅसिटरच्या भरवशावर वरून चमक शिंपडते. सिनेसंगीतात हे खपून जाते, कारण तिथे बास गिटार एक वाद्य आणि झांज दुसरे. त्यांचे आवाज वेगळे आले तरी कानाला खटकत नाही. एकाच तारेतून खाली-वर सगळे निघत असेल, तेव्हा मात्र सांधा उघडा पडतो.

तसे वाद्य सांगली जिल्ह्यात घडते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, पटवर्धनांच्या संस्थानी मिरजेत, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातले फरीदसाहेब तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग घडणीकडे वळले. त्या घराण्यांची सतारमेकर गल्ली आजही मिरजेत आहे. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, तून लाकडाची दांडी चढते, घोडी घासली जाते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला स्वतंत्र भौगोलिक मानांकने मिळाली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले, १९३७ साली निधन झाल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर झाली, आणि तिथल्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणे होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची मोजमापे मांडणारा इंग्रजी ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला; त्यांच्या या कामात खाँसाहेबांच्या गळ्याची साथ होती. स्वर कानाने पारखायचा आणि आकड्यानेही तपासायचा, ही सवय या भागाला जुनी आहे.

तंबोऱ्याचे आकडे पाहिले की इअरफोनची कसोटी कुठे लागते ते दिसते. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्यात जोडाच्या तारांचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, पंचमाची तार सुमारे १०४ हर्ट्झची आणि खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. या सगळ्या मूळ कंपनसंख्या डायनॅमिक ड्रायव्हरच्या हद्दीत आहेत. पण तंबोरा ऐकताना कान फक्त मूळ स्वर ऐकत नाही. खर्जाच्या पाचपट, म्हणजे सुमारे ३४६ हर्ट्झवर, न छेडलेला स्वयंभू गंधार उमटतो. त्याच्याही वर दहावा, विसावा, चाळिसावा उपस्वर अशी रांग काही हजार हर्ट्झपर्यंत चढत जाते, आणि तिथे आर्मेचरचे राज्य सुरू झालेले असते.

ही रांग एवढी दाट होते ती जवारीमुळे. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा अगदी किंचित उतरता घासलेला असतो. तार छेडली की ती त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. तारेखाली सुताचा जीव सरकवून कारागीर किंवा गवई हा स्पर्श नेमक्या जागी आणतो आणि आवाज एकदम उघडतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या टिपणात या घोडीची विशेष दखल घेतली. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल, तो उपस्वर निघू नये असा युरोपीय तारांचा नियम. तंबोरा आणि वीणा तो जुमानत नाहीत, आणि त्याचे कारण घोडीत आहे, हे त्यांनी दाखवले.

इअरफोनच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट पुढची. जवारीची चमक एका जागी थांबत नाही. छेडल्यानंतर क्षणभरात ती वरच्या उपस्वरांत फुलते आणि तार निवत जाईल तशी काही सेकंदांत पायरी-पायरीने खाली उतरते. उतरताना तिला क्रॉसओव्हरची सीमा ओलांडावीच लागते. सांधा नीट जुळलेला असेल तर ही उतरण सलग ऐकू येते, जणू एकच स्वर रंग बदलतो आहे. सांधा कच्चा असेल तर मध्येच चमक विझल्यासारखी होते, किंवा एखादा उपस्वर उगाच पुढे येऊन टोचतो. त्याहून वाईट इअरफोनात खर्ज एका जागी गुरगुरतो आणि जवारी दुसरीकडेच चुरचुरते. एका वाद्याची दोन वाद्ये होतात. ढोल-ताशाच्या ध्वनिमुद्रणावर हे तीनही इअरफोन सारखेच दणदणीत वाटू शकतात.

बासबाबतही तंबोरा खरे सांगतो. प्रत्यक्ष वाद्यात खर्जाच्या ६९ हर्ट्झच्या मूळ कंपनाला फारसा जोर नसतो. त्याचे वजन कान उपस्वरांच्या रचनेवरून ओळखतो. बास फुगवलेल्या हायब्रिडमध्ये खर्ज मोठ्या पिंपातून आल्यासारखा येतो आणि पहिल्या ऐकण्यात तो छानही वाटतो. ज्याने मिरजेच्या दुकानात तंबोरा मांडीवर घेऊन छेडला आहे, त्याला तो फार काळ पटणार नाही. मात्र कसोटीसाठी ध्वनिमुद्रण अलीकडचे आणि स्वच्छ हवे. खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या अनमोल आहेत, पण त्यांत वरचे उपस्वर फारसे उतरलेलेच नाहीत. तिथे आर्मेचरच्या वाट्याला मुख्यतः सुईची खरखर येते.

हे सगळे इअरफोन कानात नीट बसला असेल तरच लागू. बसणे हा सोयीचा वेगळा मुद्दा समजला जातो, पण तो निम्मा आवाज आहे. कर्णनलिका साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि किंचित वळणदार असते. बाहेरचा तिसरा भाग कूर्चेचा, आतला हाडाचा. उघड्या कानात ही नळी अडीच ते तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप वाढवते. इअरफोनने तोंड बंद केले की ही नैसर्गिक वाढ जाते आणि निर्मात्याला ती ड्रायव्हरमधून परत द्यावी लागते. त्याच वेळी बंद नळीत नवा अनुनाद तयार होतो, साधारण आठ हजार हर्ट्झच्या आसपास. इअरफोन आत सरकला की तो वर जातो, बाहेर आला की खाली. एकाच इअरफोनबद्दल एक जण टोचरा म्हणतो आणि दुसरा गोड, याचे कारण बहुतेकदा इथेच असते. आवडनिवड त्यानंतर येते.

खालच्या स्वरांचे गणित आणखी कठोर आहे. इअरफोनच्या टोकावरची टिप कानाला चहूबाजूंनी चिकटली तर आतली थोडीशी हवा बंदिस्त होते आणि पडद्याच्या छोट्या हालचालीनेही पुरेसा दाब तयार होतो. केसाएवढी फट राहिली की तो दाब आधी खालच्या स्वरांत निसटतो. खर्ज गळतो, जवारी तेवढीच राहते, आणि चांगला इअरफोन पत्र्यासारखा वाजतो. बास कमी म्हणून परत पाठवल्या जाणाऱ्या इअरफोनांपैकी कित्येकांचा दोष टिपेच्या मापात असतो.

हायब्रिडमध्ये दोन-चार ड्रायव्हर कोंबायचे असल्याने कवच जाड होते आणि नोझलही रुंद. लहान कानाच्या माणसाला मधले माप लावले तर टिप दुमडते, मोठे लावले तर तासाभरात कान दुखतो. डावा आणि उजवा कान नेहमी एकाच मापाचे नसतात, त्यामुळे दोन बाजूंना दोन मापे लावण्यात काही चूक नाही. वायर कानावरून मागे घ्यायची, एका हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची म्हणजे नळीचे वळण सरळ होते, आणि मग इअरफोन थोडा फिरवत आत बसवायचा. फोमची टिप बोटांनी चेपून घालावी आणि ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरावी. फोम जाळीसारखा वरचे स्वर थोडे शोषतो, सिलिकॉन ते तसेच जाऊ देते. टोचऱ्या इअरफोनला फोम लावणे हा सर्वांत स्वस्त आणि बऱ्याचदा पुरेसा उपाय आहे.

गाण्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. घरोघरी आता रियाज मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर होतो. मोबाइलच्या इवल्या स्पीकरला खर्ज झेपत नाही, म्हणून इअरफोन लावला जातो. दोन्ही कान बंद करून गायले की स्वतःचा आवाज हाडांतून आणि कूर्चेतून कानात शिरतो, बाहेर जायला वाट नसते, आणि तो घोगरा, फुगलेला ऐकू येतो. गाणारा मग नकळत आवाज दाबतो किंवा सूर लावताना चाचपडतो. जाडजूड कवचाचे, उथळ बसणारे हायब्रिड यात अधिक त्रास देतात. एक कान मोकळा ठेवून एकाच कानात तंबोरा घेणे बरे. पण तेव्हा आवाज वाढवायचा मोह होतो, तो टाळला पाहिजे. खोलीत साधा स्पीकर ठेवता आला तर रियाजासाठी तोच उत्तम.

आवाज वाढवण्याचा मोह प्रवासातही होतो. सातारा ते सांगली, कराड-पेठ नाक्यावरून जाणाऱ्या एसटीत इंजिनाची घरघर खालच्या स्वरांतच असते आणि ती नेमका बास झाकते. हायब्रिडमधल्या डायनॅमिक ड्रायव्हरला श्वास घ्यायला कवचावर छिद्र ठेवलेले असते, त्यातून ती थोडी आतही येते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ही मर्यादा घातली आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८९ डेसिबलवर तो पाच तासांवर येतो, म्हणजे रोज जा-ये करणाऱ्याचा एकाच दिवसाचा प्रवास. फोमची घट्ट टिप बाहेरचा आवाज अधिक अडवते, त्यामुळे आवाज कमी ठेवता येतो.

इअरफोन कशाला जोडला आहे, यानेही सांधा बदलतो. आर्मेचरचा विद्युतरोध कंपनसंख्येनुसार वर-खाली होतो. जोडलेल्या यंत्राचा स्वतःचा रोध जास्त असेल तर दोन ड्रायव्हरमधला तोल निर्मात्याने ठरवला तसा राहत नाही. यंत्राचा रोध इअरफोनच्या रोधाच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा, असा ठोकताळा आहे. १६ ओहमच्या इअरफोनसाठी दोन ओहम. बऱ्याच साध्या टाईप-सी डोंगलना हे जमते, काही जुन्या लॅपटॉपना जमत नाही.

राहिली देखभाल. नोझलच्या जाळीवर कानातला मळ साचला की आधी वरचे स्वर बुजतात, आणि तेही बहुधा एकाच बाजूचे, म्हणून ड्रायव्हर बिघडल्याचा संशय येतो. मऊ कोरड्या ब्रशने जाळी खाली तोंड करून झाडावी, म्हणजे मळ आत जात नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळ्यात किंवा घाम आल्यावर नळीत दमटपणा धरतो. सिलिका जेलची पुडी टाकलेल्या डबीत इअरफोन रात्रभर ठेवला की तो निघून जातो. टिपा कोमट पाण्याने धुवाव्यात, पूर्ण वाळल्यावरच चढवाव्यात, आणि फोमच्या टिपा फुगायच्या थांबल्या की बदलाव्यात.